मिसरातल्या माणसाचा रांजण

लग्न होऊन या घरात आले आणि पहिली बोलणी खाल्ली ती एका रांजणावरून. मी कट्टा गावची, भर बाजारातली. वडिलांचं लहानसं दुकान, माझं शिक्षण सातवीपर्यंत, आणि समुद्र म्हणजे मालवणात कधी आलो तर लांबून बघायची गोष्ट. इथे पुढचं दार उघडलं की वाळू आणि मागच्या पडवीत भिंतीला लागून मातीचे रांजण. पावसाळ्याची सगळी बेगमी त्यांत: मिठातले बांगडे, मिठातले आंबे, कोकमाची सोलं. झाडताना मी त्यातला एक जरासा सरकवला तर थोरल्या जाऊबाई चुलीपुढून उठून धावत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्येका हात लावू नको गो. तो माणसाचो आसा."

मला वाटलं, शेजारच्या कुणीतरी ठेवायला दिला असेल. म्हटलं, मग त्यांना घेऊन जायला सांगा की, वाटेत कशाला? यावर जाऊबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मी त्यांना वयनी म्हणायची. बाई दणदणीत होती. बाजारात मासे विकायला बसली की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच घाबरायचं. सही करायची तर अंगठा, पण डोकं असं की मी सातवी पास असल्याचं तिच्यासमोर फारसं बोलून दाखवत नसे.

माणसाचा रांजण म्हणजे काय ते मला मग कळलं. माझे थोरले भावोजी मोठ्या आगबोटीवर खलाशी होते. घरातला पुरुष बोटीवर निघाला की त्याच्या नावाने बांगड्यांचा एक रांजण घालायचा. एक थर मीठ, एक थर बांगडे, वर फडकं, फडक्यावर मातीची ताटली आणि तिच्या कडेने शेणमातीचा जाड लेप. मग रांजणाच्या खांद्यावर चुन्याने त्या माणसाची खूण काढायची. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाला खूण होती. मामंजींची म्हणजे सासऱ्यांची वर्तुळात रेघ, भावोजींची उभी रेघ आणि तिला दोन तिरक्या, आमच्या ह्यांची साधी फुली. याच खुणा जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर आणि वल्ह्यांवर कोरलेल्या असत, म्हणजे किनाऱ्यावर भांडणं नकोत. तो रांजण कुणी हलवायचा नाही, पोटाला कितीही चिमटा बसला तरी उघडायचा नाही. माणूस परत आला की त्यानेच कोयतीच्या पाठीने लेप फोडायचा. आणि माणूस गेल्याची खबर आली तर तसाच बंद रांजण खाडीत नेऊन सोडायचा. दोनच वाटा होत्या. माणसाचा पत्ताच लागला नाही तर काय करायचं, ते कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

मला हे सगळं खुळेपणाचं वाटलं. नवी नवरी म्हणून तोंड मिटून बसले, एवढंच. पण पुढच्या वर्षी भावोजी आले आणि रांजण उघडताना मी पाहिला, तेव्हा मात्र मला ते आवडून गेलं. पेटी पुढच्या पडवीत टाकून माणूस सरळ मागे आला, कोयती घेतली, ठकठक केलं. खाऱ्या बांगड्यांचा वास घरभर पसरला. पोरं वासानेच धावत आली. त्यांना ठाऊक होतं, हा वास आला म्हणजे बाबा आला. वयनी नवऱ्याकडे बघतसुद्धा नव्हती. नारळ कोण खवणार, कोकमाचं आगळ कुठे ठेवलं, म्हणून सगळ्यांवर ओरडत होती. आनंद झाला की ती ओरडायची.

साठ साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका खेपेला भावोजींनी पेटीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मुंबईहून निघालेली त्यांची बोट एडनवरून, सुएझच्या कालव्यातून विलायतेला जायची. कालव्याच्या पलीकडच्या तोंडाला, मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये, पोर्ट सईद नावाचं बंदर. तिथे लहान होड्या घेऊन विकणारे बोटीला येऊन चिकटतात, दोरीला टोपली बांधून माल वर चढवतात. त्यांच्यातल्या एकाकडून भावोजींनी सिगरेटी देऊन ही वस्तू घेतली होती. टॉवेल सोडला तर आत खापर. मोठ्या रांजणाचा गळा आणि त्याला लागून वीतभर खांदा. माती आमच्या मातीपेक्षा फिकी, हाताला वाळू लागावी अशी खरखरीत. खांद्यावर भाजायच्या आधी, ओल्या मातीत ओढलेली एक खूण: अर्धं वर्तुळ, त्यातून खाली उतरलेली रेघ आणि बाजूला छोटी चीर.

"मिसरातलो आसा," भावोजी म्हणाले. "राजांच्या वेळचो. चार हजार वर्षांचो म्हणता तो."

राजांच्या वेळचा की गेल्या हंगामात फुटलेला, ते त्या होडीवाल्यालाच ठाऊक. मी हसले. वयनी हसली नाही. तिने खापर हातात घेतलं, खुणेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कोणाचो ह्यो?"

"म्हणजे?"

"खूण आसा मा त्येच्यार. कोणा माणसाचो?"

"अगो, तो मेलो कवाच."

"मेलो तर अख्खो पाण्यात सोडूक व्हयो होतो. ह्यो फोडलेलो आसा." तिने फुटलेली कड आम्हाला दाखवली. "माणूस येवच्या आदी कोणीतरी फोडल्यान. आनि तुमी तो आपल्या घरात घेवन इलास."

भावोजींनी तिला परोपरीने समजावलं. मामंजींनीही समजावलं. राजा मेला, प्रजा मेली, तो देशसुद्धा आता तसा राहिला नाही. वयनीचं एकच: त्याचा माणूस घरी पोचला असं तुम्हाला कोणी सांगितलं? पुढे कितीतरी वर्षांनी मी एका पुस्तकात वाचलं की त्या देशातल्या जुन्या रांजणांवर अशा खुणा खरंच सापडतात. दारूच्या, तेलाच्या, धान्याच्या रांजणांवर. काहींवर काय भरलं, कुठून आलं ते शाईने लिहिलेलंही असतं. पण नुसत्या ओरखड्यांच्या खुणा कुंभाराच्या, मालकाच्या की आतल्या मालाच्या, हे शिकलेल्या लोकांनाही पुष्कळदा नक्की सांगता येत नाही. वयनीला ते पहिल्या दिवशी नक्की कळलं होतं, आणि तिचं कळणं चूक होतं असं सिद्ध करायला माझ्याजवळ आजही काही नाही.

ते खापर तिने मागच्या पडवीत भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. पावसाळा संपला, बांगडा लागला, भावोजींचा रांजण घातला गेला आणि भावोजी पुन्हा बोटीवर गेले. जाताना वयनी त्यांना म्हणाली, ह्या खापर परत घेवन जावा आणि होता थंय सोडा. ते हसून म्हणाले, पुढच्या खेपेक.

पुढची खेप झालीच नाही. त्यांच्याच बोटीवरच्या एका खलाशाने गावी येऊन सांगितलं. बोट पोर्ट सईदला लागली होती. भावोजी दुपारी खाली उतरले, काही घ्यायचं होतं म्हणाले. संध्याकाळी बोट सुटायची वेळ झाली तरी आले नाहीत. बोट थांबत नाही. त्यांची पेटी बोटीवर राहिली आणि ती मुंबईला उतरवली गेली.

आमचे हे मुंबईला गेले, कचेरीत चौकशीला. किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यातल्या माशांच्या वाटणीवरून पन्नास माणसांशी भांडणारा हा माणूस; तिथे टेबलापलीकडच्याने शुद्ध मराठीत सांगितलं, "तुमचे बंधू स्वतःहून उतरले आणि परत हजर झाले नाहीत, अशी नोंद आहे. अधिक माहिती आल्यास कळवू." ह्यांनी "होय साहेब" म्हटलं आणि परत आले. मला भयंकर राग आला. म्हटलं, विचारायचं नाही, तिथल्या पोलिसांनी शोधलं का, इस्पितळात बघितलं का? ते म्हणाले, "इचारलंय. तो म्हणता, कळवतले." मग मीच पत्रं लिहिली, माझ्या सातवीच्या अक्षरात. उत्तर आलं ते तेच, फक्त कागदावर.

लोक काय, तोंडाला येईल ते बोलत. दुसऱ्या बोटीवर चढला असेल. तिकडेच बाई केली असेल. बुडाला असेल. वयनीने कुणाशी वाद घातला नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. ही बाई वाद घालणार नाही म्हणजे काय. ती बाजारात जात होती, कुंकू लावत होती, पोरांना मारत होती, सगळं होतं तसं. फक्त एकदा मासे साफ करताना मला म्हणाली, "त्येंचो रांजण आमी फोडलो, म्हणान त्येंनी आमचो माणूस धरून ठेवलो."

"वयनी, आपण खंय फोडलो? तो फुटलेलोच इलो."

"इलो मा आपल्याच घरात?"

भावोजी हरवले तेही नेमके त्याच बंदरात. मी सातवी पास, देवळात गेले तरी हात जोडताना चार प्रश्न मनात येणारी. पण त्या दिवसापासून कोनाड्यापुढून जाताना मी खापराकडे बघायचं टाळू लागले.

मग तिने ठरवलं. मला म्हणाली, चल तुझ्या माहेराक. कट्ट्याच्या बाजारात आमच्या दुकानासमोर एक कुंभार बसायचा, त्याच्याकडे गेलो. तिला नवा रांजण हवा होता आणि तो भाजायच्या आधी खूण ओढायची होती. कुंभार म्हणाला, दोन दिवसांनी ये, ओला असतानाच ठेवतो. दोन दिवस आम्ही माझ्या माहेरी राहिलो. माझ्या आईला आम्ही कशासाठी आलोत हे सांगायची मला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी वयनीने खापर मांडीवर ठेवलं आणि बांबूच्या काडीने ओल्या रांजणावर ती खूण ओढली. एकदा चुकली, कुंभाराने ओला हात फिरवून पुसली, तिने पुन्हा ओढली.

"ही खूण खंयच्या गावची?" कुंभाराने विचारलं.

"मिसरातली," वयनी म्हणाली.

"कोण सोयरो तुमचो?"

"सोयरो नाय. पण भायर आसा."

कुंभाराने मान डोलावली, जणू त्याच्याकडे रोज अशी गिऱ्हाइकं येतात. त्या हंगामात तिने तो रांजण भरला. चांगले, ताठ बांगडे निवडून घेतले, मीठ हात आखडता न घेता घातलं, लेप लावला, आणि भावोजींच्या रांजणाशेजारी नेऊन ठेवला. मामंजी नुसते बघत राहिले. घरात मनीऑर्डर येणं बंद झालेलं, आणि ही एका परक्या, मेलेल्या माणसासाठी रांजण घालते आहे. त्यातून तिला बरं वाटत असेल तर वाटू दे, असं मी ह्यांना म्हटलं. पण तिला नुसतं बरं वाटायला नको होतं. तिला नवरा हवा होता.

राहिलं ते खापर. ते होतं तिथे पोचवायचं होतं. शेजारच्या वाडीतला एक खलाशी उन्हाळ्यात बोटीवर निघाला. त्याची बोटही कालव्यातूनच जायची. वयनीने त्याला खापर हळदीच्या फडक्यात बांधून दिलं आणि म्हणाली, थंयच्या पाण्यात सोड, नाय तर थंयच्या कोणाच्याय हातात दी. तो भला माणूस. हसला नाही. "सोडतंय वयनी, काळजी करू नको," म्हणाला. ती त्याला पोचवायला एस.टी.पर्यंत गेली. परत आली तेव्हा पहिल्यासारखी मोठ्याने बोलत होती. त्या आठवड्यात तिने पुढची पडवी सारवून घेतली. मी म्हटलं, पावसाळा तोंडावर आला, आता कशाला सारवताय? तर म्हणे, "कोण येतला-जातला."

मिरगाच्या सुमारास आमचे हे बाजारातून आले ते रेडिओवरची बातमी घेऊन. तिकडे लढाई झाली होती. कालवा बंद केला होता. मी पोरांच्या शाळेचा नकाशा काढून वयनीला दाखवला: ही मुंबई, हे एडन, हा कालवा. आता बोटी इकडून जाणार नाहीत, हा सगळा आफ्रिका खंड फिरून जाणार. ती नकाशाकडे बघत होती.

"मगे पोर्ट सईदाक कोण जावचा नाय?"

"आपल्या बोटी नाय जावच्यो."

"उघडतलो कदी?"

"माका कसा कळतला, वयनी?"

"तू वाचतंस मा?"

मी वाचत होते. हाती लागेल ते वर्तमानपत्र, पुडीचा कागदसुद्धा. कालवा कधी उघडणार हे कुठेच छापलेलं नव्हतं. मला आयुष्यात इतकं निरुपयोगी कधी वाटलं नाही. घरात एकटी मी शिकलेली, आणि माझ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच की वाट बंद झाल्याचं मी तिला नकाशावर बोट ठेवून दाखवलं.

ऐन पावसात खापर परत आलं. त्या खलाशाने मुंबईहून गावी येणाऱ्या एकाजवळ पाठवलं होतं. त्या माणसाला कसालला गाडी बदलताना तासन् तास भिजावं लागलं, तरी त्याने गाठोडं सांभाळून आणलं. निरोप होता, बोट त्या वाटेने जाणार नाही, रागावू नका. वयनीने त्याला चहा दिला. खापर कोनाड्यात ठेवलं. हळदीचं फडकं मात्र धुऊन दोरीवर घातलं, आणि ते त्या पावसात कितीतरी दिवस वाळलंच नाही.

त्या वर्षी वादळ असं बसलं की उठायलाच तयार नव्हतं. होड्या केव्हाच वर ओढलेल्या, पण एरवी खाडीत जाळं टाकून कालवणापुरतं मिळतं, तेही बंद. रेशनच्या तांदळाची पेज, तिच्यात मीठ. घरातले बेगमीचे रांजण एकेक करून रिकामे झाले. पोरांना जुलाब लागले, ती खाईनात. माझा लहान तर पेजेची वाटी पाहिली की तोंड फिरवायचा. पडवीत भरलेले असे दोनच रांजण उरले होते, आणि सगळे त्यांच्याकडे न बघता ये-जा करत होते.

शेवटी मामंजींनीच तोंड उघडलं. त्यांना ते जड गेलं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. "बाय, त्या मिसरातल्याचो उघड. पोरांका घाल. आपल्याच हातान भरलेलो आसा. तो कोण, खंयचो, कोणाक ठावक."

मी लगेच म्हटलं, होय वयनी, तोच उघडूया. ह्यांनीही मान हलवली. त्यात चूक काय होतं? चार हजार वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्यासाठी जिवंत पोरं उपाशी ठेवायची? मी तर कोयती आणायलाही उठले.

वयनीने कोयती माझ्या हातातून घेतली. ती दोन्ही रांजणांपुढे उकिडवी बसली. भावोजींच्या रांजणावर मीठ बाहेर फुटून आलं होतं. खांद्यावरची माती पापुद्रे सुटून गळत होती, आणि चुन्याची खूण तिने पुन्हा पुन्हा काढली तरी टिकत नव्हती. दुसऱ्याची खूण मातीतच ओढलेली, ती जशीच्या तशी होती.

"त्येची कोणतरी वाट बगीत आसतली," ती म्हणाली. "त्येचो दुसऱ्यांदा नको फोडूक."

"वयनी," मी म्हटलं.

तिने भावोजींच्या रांजणावर कोयतीची पाठ घातली. लेप एका ठोक्यात सुटला. मामंजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तो रांजण उघडायचा हक्क एकाच माणसाचा होता, आणि तो येणार असता तर तिने त्याला हात लावला नसता, हे त्या पडवीत प्रत्येकाला कळत होतं. थांबवायचं तर कुणीतरी "तो येतलो" असं म्हणायला हवं होतं.

बांगडे तांबूस पडले होते, पण वाया गेले नव्हते. तिने ते धुतले, पाण्यात टाकले, खोबरं वाटायला घेतलं. मी चूल फुंकली. वास घरभर पसरला.

तिची धाकटी मुलगी पुढच्या खोलीत गोधडीत पडून होती, अंगात कणकण. ती उठली आणि कुणाला काही कळायच्या आत पुढचं दार उघडून पावसात अंगणात गेली. आम्हाला वाटलं, लघवीला गेली असेल. ती वाटेपर्यंत गेली, तिथे उभी राहिली, मग परत आली, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली.

"आये," ती वयनीला म्हणाली, "भायर कोण दिसणा नाय. बाबा खंय बसलो?"

वयनीने पदराने तिचं डोकं पुसलं, तिला चुलीजवळ ओढून घेतलं आणि तिच्यापुढे ताट ठेवलं.